जुनी उघडी मोटार

दिल्लीत उघड्या मोटारीचे दिवस मोजून घ्यावे लागतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ऊन असे असते की, छप्पर मागे टाकलेल्या गाडीचे स्टिअरिंग हातात धरवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा भरवसा नसतो. दिवाळीच्या सुमारास हवेत धूर आणि धूळ यांचे असे मिश्रण उतरते की, शहाणा माणूस काचा वर करतो आणि डोक्यावरच्या पत्र्याचे मनोमन आभार मानतो. पौष-माघात सकाळचे धुके. राहता राहिला फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च महिना आणि दसऱ्याच्या मागचे-पुढचे काही आठवडे. वर्षाकाठी फार तर साठ-सत्तर दिवस. एवढ्यासाठी मोटार घेणे हा व्यवहार नव्हे, हे खरेच. परंतु सतार, दुर्बीण किंवा गुलाबाची बाग यांचाही हिशेब व्यवहाराने लागत नाही. मार्चच्या पहाटे कर्तव्यपथावरून किंवा शांतिपथावरून छप्पर उघडे टाकून जाणाऱ्या माणसाला कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीचा वास येतो, तो बंद मोटारीतल्याला येत नाही. हौस ही अशी असते. प्रश्न इतकाच की, हौसेला लागणारे पैसे डोळे उघडे ठेवून खर्चावेत की मिटून.

उघडी किंवा क्रीडामोटार नवी घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून विचार होतो तो जुन्या गाडीचा, आणि जुन्या गाड्यांची देशातील फार मोठी बाजारपेठ दिल्लीतच आहे. करोल बागेतील विक्रेत्यांपासून गुरुग्राम-नोएडातील आलिशान दालनांपर्यंत ती पसरली आहे. पुणे, नागपूर वा नाशिक येथील हौशी माणसालाही दिल्लीची जाहिरात खुणावते. कारण तीच गाडी, तेच वर्ष, तोच रंग, आणि किंमत मात्र महाराष्ट्रातल्यापेक्षा बरीच कमी. ती कमी का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांवर आणि 2015 च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राजधानी प्रदेशात बंदी घातली. 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. डिझेलला दहा वर्षे, पेट्रोलला पंधरा, असा हा दंडक होय. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना दिल्लीत इंधनच देऊ नये असे ठरले. पण ओरड झाल्याने ते काही दिवसांतच थांबवावे लागले. 12 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. आणि 17 डिसेंबर 2025 रोजी त्यात दुरुस्ती करून हे संरक्षण भारत स्टेज-4 व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. ही मानके दिल्लीत चारचाकींना एप्रिल 2010 पासून लागू झाली. म्हणजे 2009 सालची देखणी उघडी गाडी आणि 2011 सालची तशीच गाडी यांत डोळ्यांना फरक दिसत नसला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत. हे आदेश गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदलले आहेत. तेव्हा विक्रेता काय सांगतो यापेक्षा खरेदीच्या दिवशी कोणता आदेश चालू आहे ते पाहावे.

याच्या उलट टोकाला पुराणगाड्या आहेत. दिल्लीच्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने 1964 साली जुन्या मोटारींची शर्यतवजा मिरवणूक सुरू केली, तेव्हापासून राजधानीत या छंदाला प्रतिष्ठा आली. हरियाणातील तावडू येथे 2013 साली वाहतुकीचे संग्रहालयही उघडले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी वेगळा दर्जा दिला. तिला ‘व्ही.ए.’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र ती रोज कचेरीला नेता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. पंधरा आणि पन्नास यांच्या मधली पस्तीस वर्षे मात्र निराधार आहेत. 1990 सालची गाडी दिल्लीसाठी म्हातारी आणि पुराणवस्तू होण्यासाठी अजून पोर! दिल्लीतून महाराष्ट्राकडे स्वस्तात निघणाऱ्या कित्येक गाड्या याच मधल्या पट्ट्यातल्या असतात.

आता बाजारात असते तरी काय? आपल्या देशात खऱ्या क्रीडामोटारी कधीच मुबलक नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात आवळत गेली, जनरल मोटर्स व फोर्ड यांनी 1950 नंतरच्या पाच वर्षांत येथील जुळणी बंद केली, आणि पुढे तीन दशके हिंदुस्तान, प्रीमियर व स्टँडर्ड यांच्यावर भागवावे लागले. दिल्लीला तेव्हा एक आडवाट उपलब्ध होती. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विक्रीला येत, आणि सिनेमातल्या लांबलचक उघड्या गाड्यांपैकी काही त्याच वाटेने मुंबईला पोचल्या. आजही एखादी गाडी पूर्वी वकिलातीची होती असे सांगितले जाते. तसे असेल तर तिचे आयातशुल्क भरल्याचे सीमाशुल्क खात्याचे कागद पाहिल्याखेरीज बोलणेही लावू नये. कारण वकिलातींना गाडी करमुक्त मिळते आणि ती सवलत पुढच्या खरेदीदाराला लागू होत नाही.

पुढे 1998 च्या सुमारास सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी छोटी उघडी गाडी आली. अंग तंतुकाचेचे, इंजिन रेनॉचे, 1149 घनसेंटिमीटर. 2012 च्या जानेवारीत दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ लोकांसमोर आली. ती उघडी नव्हे, पण देशी क्रीडामोटार म्हणून तिचे कौतुक झाले. दोन्ही गाड्या आज दुर्मिळ आहेत, आणि दुर्मिळ गाडीचा सुटा भाग हा गाडीहूनही दुर्मिळ असतो. त्यानंतरच्या परदेशी गाड्यांत बी.एम.डब्ल्यू. ‘झेड-4’, मर्सिडीज ‘एस.एल.के.’, पोर्शे ‘बॉक्स्टर’ आणि उघड्या छपराची मिनी अशी नावे दिल्लीच्या बाजारात वारंवार ऐकू येतात. त्यांची किंमत दहा वर्षांत घसरते, ती गिऱ्हाइकाला मोहात पाडण्याइतकी; परंतु सुट्या भागांची किंमत घसरत नाही. गाडी तिच्या आजच्या भावात मिळते, दुरुस्ती मात्र तिच्या जन्मकाळच्या ऐटीत करावी लागते.

या सगळ्यांपेक्षा दिल्लीच्या अधिक ओळखीची एक साधी गाडी आहे, ती म्हणजे मारुती जिप्सी. गुरुग्रामच्या कारखान्यात 1985 पासून ती निघू लागली. आरंभी 970 घनसेंटिमीटरचे इंजिन, 1996 पासून 1298 चे. कापडी छप्पर, वजनाला हलकी, आणि कोणत्याही खेड्यातल्या मेकॅनिकला समजणारी. लष्कराने तिला आपले म्हटले, त्यामुळे तिचे भाग बाजारात सापडतात. बसायला ती कठीण, मागच्या बाकावरच्या पाहुण्याला तर शिक्षाच. पण दहा वर्षांची जर्मन गाडी गॅरेजमध्ये भाग येण्याची वाट पाहत असते, तेव्हा जुनी जिप्सी चालत असते. नाशिकला बनणारी महिंद्रची नवी थार 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आली, तिलाही कापडी छपराचा पर्याय होता. राजधानीत वयाची धास्ती न बाळगता घ्यायची वापरलेली उघडी गाडी म्हणून तिचा विचार आधी व्हावा. क्रीडामोटार म्हणजे बुटकी व लालच असली पाहिजे असे नाही. दिल्लीच्या बहुतेक रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी पन्नास ते सत्तर किलोमीटर आहे. दोनशे अश्वशक्तीची गाडी त्या मर्यादेत जांभया देत चालते. साठ अश्वशक्तीची हलकी गाडी मात्र तेवढ्या वेगातही चालवणाऱ्याला वळणावळणाला काम देते. या छंदाची गोडी वेगात कमी आणि कामात जास्त आहे.

एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहावे: साध्या मोटारीचे छप्पर कापून केलेली उघडी गाडी. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपगाड्या नव्याने बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि इतरत्रही कारागीर सांगाल ती गाडी कापून देतात. कारागिरी पुष्कळदा उत्तम असते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. शिवाय कायदा बाजूला ठेवला, तरी पदार्थविज्ञान बाजूला ठेवता येत नाही. बंद मोटार ही एका डब्यासारखी असते. झाकण लावलेला पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी पिळू पाहा, तो दाद देत नाही. झाकण काढले की तोच डबा वाकडा होतो. छप्पर हे मोटारीचे झाकण आहे. उघड्या गाडीचे निर्माते म्हणूनच दाराखालच्या पट्ट्या जाड करतात, तळाशी आडव्या पट्ट्या टाकतात, समोरच्या काचेची चौकट भक्कम करतात. हे सर्व न करता नुसते छप्पर कापले, तर खड्ड्यात एक चाक गेल्याबरोबर सारी गाडी पिळवटते आणि उलटली तर आतल्यांना आधार उरत नाही.

हीच गोष्ट तपासणीला उपयोगी पडते. कारखान्यातून उघडी म्हणूनच निघालेली गाडीदेखील गंजाने किंवा अपघाताने दुबळी झालेली असू शकते. तिचे एक चाक पदपथाच्या कडेवर चढवावे आणि मग दोन्ही दारे उघडून मिटावीत. दार अडकले, किंवा दाराच्या फटीची रुंदी वरखाली वेगळी दिसू लागली, तर तळाची पट्टी खचली आहे असे समजावे. पट्टी खचते ती बहुधा पाण्याने. कापडी छपरावर पडलेले पाणी बारीक नळ्यांतून दाराखाली उतरते व बाहेर जाते. दिल्लीच्या धुळीने आणि झाडांच्या पाल्याने त्या नळ्या बुजतात. पाणी आतच साठते, आणि वर चकचकीत रंग असताना पोटातून लोखंड खाल्ले जाते. म्हणून गाडीवर दहा मिनिटे नळीने पाणी सोडावे आणि नंतर पायाखालचा गालिचा उचलून हाताने दाबून पाहावा. विक्रेत्याने याला नकार दिला, तर त्याचे आभार मानून निघावे. 2023 च्या जुलैमध्ये यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली होती आणि मिंटो पुलाखाली तर वरचेवर पाणी तुंबते. बुडालेली गाडी नंतर धुऊन-पुसून विकली जाते. आसनाच्या पट्ट्याचा गोल ओढून शेवटपर्यंत बाहेर काढावा. गाळाची रेघ तिथे राहते, कारण तेवढे आत कोणी धुवायला जात नाही.

विजेवर उघडणारे छप्पर असेल तर ते एकदा उघडून समाधान मानू नये. तीनदा उघडावे, तीनदा मिटावे. तेलाच्या दाबाच्या नळ्या, मोटर आणि जागोजागचे संवेदक मिळून हे यंत्र चालते, आणि एक संवेदक रुसला तरी छप्पर अर्ध्यावर थांबते. कापडाची शिवण आणि मागची पारदर्शक खिडकी पाहावी. दिल्लीच्या उन्हात प्लास्टिक पिवळे पडते व चिरते. इंजिनाची परीक्षा इतर गाड्यांप्रमाणेच: थंड असताना सुरू करावे, निळसर धूर म्हणजे तेल जळते, गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर थंड करण्याचे पाणी आत जाते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवला, की भरलेल्या लांबीची जागा कळते. तंतुकाचेच्या अंगावर मात्र तो चिकटणारच नाही, तिथे तडे शोधावेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल सांगतात. हौशी गाड्या कमी फिरतात, म्हणून त्यांच्या टायरची नक्षी कोरी असते आणि रबर मात्र म्हातारे. जुन्या गाडीत आणखी एक नवी काळजी: पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंधननळ्या बदलल्या आहेत काय, हे विचारून घ्यावे.

दिल्लीत बुटक्या गाडीचा खरा शत्रू गतिरोधक. येथे थोडी भूमिती उपयोगी पडते. भारतीय रस्ते परिषदेने सांगितलेला गोल गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. म्हणजे तो सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. क्रीडामोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे 2.4 मीटर अंतर धरले, तर गाडी त्यावर चढताना चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर रस्त्याचा फुगवटा जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर येतो. बारा सेंटिमीटर पोट असलेली गाडीही तो सुखाने ओलांडते. परंतु वसाहतीतले रहिवासी आपल्या फाटकासमोर जो फूट-दीड फूट रुंदीचा, वीतभर उंचीचा कट्टा हौसेने बांधतात, तेथे पुढची चाके पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे, आणि मध्ये सगळी उंची पोटाखाली! बारा सेंटिमीटर म्हणजे रिकाम्या गाडीचे माप. दोन धष्टपुष्ट माणसे बसली की त्यातले दोन-तीन जातात. तेव्हा गाडी पाहायला गेल्यावर तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन डोकवावे. पुढच्या ओठाखालचे ओरखडे क्षम्य. तेलाच्या थाळीवर ठोके असतील तर गाडीचे आयुष्य कुठे गेले ते कळते. आणि खरेदीपूर्वीची चाचणी विक्रेत्याच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता स्वतःच्या वसाहतीच्या फाटकापर्यंत घ्यावी. ती आत शिरत नसेल, तर पुढचे प्रश्न आपोआप मिटतात.

कागदांकडे मराठी माणूस एरवी काटेकोरपणे पाहतो. पण हौसेच्या खरेदीत तोही सैल पडतो. चेसिसचा क्रमांक गाडीवर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा उतरवावा आणि नोंदणीपुस्तकाशी अक्षर अक्षर ताडून पाहावा. ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा आणि दंडाच्या पावत्या पाहता येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची नाही याची खातरजमा करता येते. बोजा असेल तर नमुना 35 वर कर्जदात्याची सही हवी. मालकी बदलायला नमुने 29 व 30. परराज्यात न्यायची तर नमुना 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते भिंतीवर आहे का तेही पाहावे.

विक्रेते पुष्कळदा सुचवतात: घाई कशाला, नाव सावकाश बदलू. यात विकणाऱ्याचे काय होऊ शकते, हे एका खटल्यावरून कळते. एका गृहस्थाने 2007 साली आपली मोटार विकली, पण परिवहन कार्यालयात नाव बदलले गेले नाही. गाडी हातोहात फिरत चौथ्या माणसाकडे गेली. 2009 च्या मेमध्ये ती मागे घेताना एका स्त्रीला व तिच्यासोबतच्या मुलाला लागली, मूल दगावले. गाडीचा विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 6 फेब्रुवारी 2018 रोजी निकाल लागला: नोंदीत ज्याचे नाव तो मालक. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेलाच नव्हता. ज्या माउलीचे लेकरू गेले, तिने मालकांची साखळी शोधत फिरावे असे कायद्याला अभिप्रेत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे कोणालाही पटेल. विकणाऱ्याने राज्यात चौदा दिवसांच्या आत आणि परराज्यात पंचेचाळीस दिवसांच्या आत विक्री कळवावी, घेणाऱ्याने तीस दिवसांत, असे कलम 50 सांगते. विम्याच्या नावबदलासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

महाराष्ट्रात गाडी नेणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. परराज्यातील क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीची मूळ किंमत व वय पाहून आकारला जातो. मूळ किंमत मोठी असलेल्या परदेशी गाडीवर हा कर भरला, तिकडून आणण्याचे भाडे दिले, टायर बदलले आणि छपराचे कापड नव्याने शिवून घेतले, की दिल्लीचा स्वस्तपणा बराचसा वाटेतच आटतो. म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकाने आधी परिवहन कार्यालयातून कराचा आकडा काढावा, मग दिल्लीचे तिकीट. आणि गाडी ट्रकवर न घालता स्वतः चालवत आणायची ठरली, तर ग्वाल्हेर-शिवपुरीमार्गे इंदूर गाठावे, छप्पर चंबळ ओलांडून झाल्यावर उघडावे. त्याआधीचा रस्ता ट्रकांच्या धुराचा आहे.